मोठ्या कोर्टातली पोरगी

मी गाव सोडलं त्या सकाळी आण्णा स्टँडवर नव्हते. लेक परदेशी निघालेली आणि बाप पोलीस चौकीत जबाब द्यायला गेलेला, असा आमचा निरोपसमारंभ. आमचं गाव कोडोलीच्या अलीकडं. कोल्हापूरची एसटी येईपर्यंत आई माझ्या बॅगेची चेन उगाच उघडत-लावत होती. "येतील की, न यायला काय झालं," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. गाडी आली, कंडक्टरनं घंटी मारली, तरी ते आले नाहीत. मी खिडकीतून हात हलवला तेव्हा आईचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. आपल्याला कोण कोण बघतंय, ते ती मान वळवून बघत होती. आई कशाला भिते हे तोवर मला माहीत नव्हतं. माझं म्हणाल तर मी जन्माचीच भित्री. कुत्र्याला भिते, विजेला भिते, फोनच्या घंटीला तर अजूनही भिते.

काय झालं होतं ते आधी सांगते. आण्णा शिंपीकाम करायचे. पेठेत त्यांचं एका मशीनचं दुकान, आणि उजेड चांगला मिळावा म्हणून मशीन रस्त्याकडं तोंड करून ठेवलेलं. आमच्या बौद्धवाड्यातल्या यशवंतदादाच्या धाकट्या भावाची वरात त्या वर्षी पेठेतून वाजतगाजत निघाली. पेठेतल्या एका वजनदार माणसाला ते खपलं नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, हात धजत नाही. सगळे त्याला तात्या म्हणायचे, आपणही तेच म्हणू. तात्या आणि त्याची माणसं काठ्या घेऊन वरातीवर आली. यशवंतदादा मध्ये पडला आणि त्याचा उजवा हात कोपरात असा मोडला की पुन्हा कधी सरळ झाला नाही. पेठ तेव्हा माणसांनी भरलेली होती. पण चौकशी सुरू झाली आणि कुणाला काही दिसलंच नव्हतं. किराणावाला आत पोती लावत होता, न्हाव्याची म्हणे रस्त्याकडं पाठ होती. आण्णांना मात्र सगळं दिसलं होतं, आणि त्यांनी तसं सांगितलं.

योगायोग असा की, मी साक्षीदारांचाच अभ्यास करायला निघाले होते. कोल्हापुरात कायद्याचं शिक्षण घेताना आमच्या सरांनी मला जुने मोडी कागद वाचायला बसवलं होतं. शे-दोनशे वर्षांपूर्वीचे वतनाचे तंटे, गावसभेत झालेले निवाडे. त्या निवाड्यांखाली साक्षीदारांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, ज्याचं जे हत्यार ते त्यानं काढायचं. कुणाची रेघ ठसठशीत, कुणाची अगदी थरथरती. ती थरथर बघून मी सरांना विचारलं, ह्याला लिहायची सवय नव्हती म्हणून हात कापला की भीतीनं? सर हसले आणि म्हणाले, हाच तुझा विषय. साक्षीदाराची भीती कायद्यानं कधी आणि कशी ओळखली, यावर मग मी प्रबंध लिहायला घेतला. त्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली ती हेग शहरात. एका फुटलेल्या देशातल्या युद्धाचे खटले तिथं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढं नुकते सुरू झाले होते. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

हेगमध्ये पहिलं वर्ष मी नुसती भीत काढलं. ट्राममध्ये तिकीट पंच करायचं राहिलं तर, रेसिडन्स परमिटच्या खिडकीपाशी काही चुकीचं बोलले तर, सुपरमार्केटमध्ये न विचारता फळ हातात घेतलं तर. रस्त्यावर एकही गाडी नसताना लाल सिग्नलला मी एकटी उभी राहायची आणि डच पोरं माझ्याकडं बघत खुशाल सायकली दामटायची. युनिफॉर्म दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडं जायची. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांना हे सांगायला नको. जे गावात राहिलात त्यांना वाटत असेल, पोरगी मजेत आहे. फोटोत मी हसतेय खरी, पण फोटोला कोण रडतं?

न्यायाधिकरणाच्या गॅलरीत मात्र मी तासन्‌तास बसायची. आमच्यात आणि कोर्टात जाड काच असे. एखादा साक्षीदार यायचा असला की पडदे ओढले जात, मग टीव्हीवर त्याचा चेहरा विस्कटून दाखवत, आवाज बदलून ऐकवत. त्याला नाव नसे, नुसतं एखादं अक्षर असे. वकील, न्यायाधीश सगळे त्याला त्या अक्षरानं हाक मारत. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या कोल्हापूरच्या कोर्टातला पुकारा आठवला. तिथं पट्टेवाला व्हरांड्यात येतो आणि साक्षीदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं खड्या आवाजात तीनदा ओरडतो. वडापाववाल्यापासून आरोपीच्या भावकीपर्यंत साऱ्यांना कळतं, आज कोण बोलणार ते. शिकाऊ वकील असताना तो पुकारा मी रोज ऐकायची आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. आता काचेपलीकडच्या त्या बिननावाच्या माणसाकडं बघताना मला आण्णांचं नाव ऐकू यायचं.

रविवारी दुपारी मी फोन करायची. दुकानाला लागूनच एसटीडी बूथ होता, तिथली बाई हाक मारायची आणि आई धावत यायची. पहिल्या वर्षी मी विचारायची, तारीख लागली का? ती म्हणायची, पुढं गेली. दुकानात गिऱ्हाईक येतं का? "येतंय की," ती म्हणायची, आणि लगेच विषय बदलायची. मग एकदा तिनं सांगितलं, की गावात सगळीकडं झालंय, शिंप्याची पोरगी जगातल्या मोठ्या कोर्टात हाय. मी हसले. म्हटलं, "आई, मी तिथं फक्त बघत बसते. लायब्ररीत तळटीपा लिहिते."

"ते मला सांगतीस व्हय? मी कशाला कुणाला सांगू!" ती म्हणाली. "तात्या टरकून हाय. म्हंतोय, शिंप्याला हात लावला तर पोरगी केस तिकडं नेईल. सुजे, तू तिकडं हायस म्हणून आमी हिकडं निवांत हाय बघ."

ऐकून मला गंमत वाटली, अभिमानही वाटला, आणि त्या दिवसापासून एक नवी भीती बसली. माझं सोंग उघडं पडलं तर? गावातलं कुणी कोल्हापुरात एखाद्या शहाण्या वकिलाशी बोललं, आणि तो म्हणाला, छे, विद्यार्थिनी आहे ती, तर? मी इथं कोण, हे कळायला कितीसा वेळ लागतो? मी ईमेलखाली आपलं पद लिहिणं सोडून दिलं. कोल्हापूरच्या एका वर्तमानपत्रानं 'आपली माणसं परदेशी' म्हणून माहिती मागवली, त्यालाही उत्तर दिलं नाही. हेगमध्ये बसून मी कोडोलीकडच्या पेठेला भीत होते.

साक्षीची तारीख पक्की झाली तेव्हा मी तिकिटाची चौकशी करून ठेवली होती. आण्णांच्या शेजारी त्या व्हरांड्यात उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं. आईला सांगितलं तशी ती फोनवर ओरडली. "अजाबात यायचं न्हाय! आलीस की बघतील सगळी, ही तर आपली सुजी, काडीएवढी. मग कोण भेणार? तू तिकडंच थांब, त्यातच समदं हाय." मागून आण्णांचा आवाज आला, "तिला म्हणावं अभ्यास कर." मी रडले आणि थांबले. थांबण्यानंच बापाचा जीव वाचणार असेल, तर यायचं कोणत्या तोंडानं?

त्या दिवशी मी सकाळीच गॅलरीत जाऊन बसले. आत कुणीतरी अक्षरवाली बाई साक्ष देत होती, तिचा बदललेला आवाज घोगरा येत होता. मी काहीच लिहून घेतलं नाही. कोल्हापुरात दुपार झाली असेल, पुकारा झाला असेल, आण्णा पायऱ्या चढत असतील. की ऐनवेळी पाय मागं घेतला असेल? कोर्टाच्या भाषेत अशा साक्षीदाराला फितूर म्हणतात. खरं सांगते, त्या क्षणी ते फितूर झाले असते तर मला आनंदच झाला असता. भीतीला तत्त्व नसतं. बाहेर येऊन फोन लावला तर आण्णाच आले.

"झालं. बोललो."

"भीती वाटली, आण्णा?"

"वाटली की. वकील सारखा म्हंत हुता, तुमचं ध्यान मशीनवर असंल. मी म्हटलं, मशीन पायानं चालतंय, डोळं मोकळंच असत्यात." आणि लगेच म्हणाले, "तू जेवलीस का?"

तात्याला शिक्षा झाली. तो वरच्या कोर्टात गेला, जामिनावर सुटला, पुन्हा पेठेत फिरू लागला. "अपील हाय अजून, तू थांब," आई म्हणायची. मी थांबले. प्रबंध पूर्ण झाला, तिथंच विद्यापीठात नोकरी लागली. आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, यशवंतदादाला मुलगी झाली, घरात मोबाईल आला, सगळं मी फोनवर ऐकलं. कुणी विचारलं, सुट्टीत इंडियाला का जात नाहीस, तर मी कामाचं निमित्त सांगायची. माझं काम म्हणजे गावात नसणं, हे कुणाला कसं समजावणार?

मग नव्या शतकात बऱ्यापैकी आत आलो असताना एका रविवारी आई म्हणाली, "तात्या गेला. झोपेतच गेला." आणि त्याच दमात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "आता ये."

मी गेले. आण्णा वाळलेले, आई अर्धी झालेली. मशीन बंद होतं, दुकानाला दुसऱ्याचं कुलूप. पेठेतलं उरलंसुरलं गिऱ्हाईक साक्षीनंतर आठवड्याभरातच तुटलं होतं. आण्णा वारणानगरच्या कामगार वसाहतीत घरोघर जाऊन कपडे दुरुस्त करायचे, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी आई भाकरी थापत होती, आण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी थट्टेनं म्हटलं, "चला, माझी राखणदारी संपली. मोठ्या कोर्टाला आता सुट्टी."

आई हसली. पण हसता हसता थांबली आणि आण्णांकडं बघितलं. ते म्हणाले, "सांग आता. झालं की सगळं."

"तुझ्या त्या कोर्टाला गावात कुणी इचारत न्हवतं," आई म्हणाली. "तात्यानं म्हाईती काढलती. पोरगी शिकतीया, बाकी काय न्हाय, हे त्याला आमच्या आधी ठावं."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. तारीख लागायच्या आधी तात्याचा एक माणूस शर्टाचं माप द्यायला दुकानात आला होता. आण्णांनी त्याच्या छातीभोवती टेप गुंडाळला, तेव्हा तो अगदी गोडीनं म्हणाला, "साक्ष दे की खुशाल, आण्णा. तुला कोण काय करतंय? पोरगी कवा येतीया म्हण गावाला? कोल्हापूरच्या एसटीनंच येती न्हवं? स्टँडवर घ्यायला आमीबी येऊ की."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आण्णा म्हणाले. "माप घेतलं. छत्तीस."

त्या दिवशी ते घरी आले ते जेवले नाहीत. साक्ष द्यायची तर लेक गावात यायला नको, लेक यायला हवी तर साक्ष द्यायची नाही, असं त्यांनी आईपुढं ठेवलं. सकाळी आई म्हणाली, "तुमी बोला. पोरीचं मी बघतो." आणि माझ्यासाठी तिनं ते मोठं कोर्ट उभं केलं.

मला राग आला. खूप आला. मी ओरडलेच, "मला विचारायचं तरी! मी काय लहान होते?"

"इचारलं असतं तर तू आली असतीस," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मी आण्णांकडं वळले. साक्ष दिली नसती तर मी दर सुट्टीत आले असते, दुकान चाललं असतं, तुमचं ऑपरेशन मी करवून घेतलं असतं, असं सगळं एका दमात बोलले. का दिलीत, विचारलं. ते म्हणाले, "दिसलं हुतं की गं, पोरी." आम्ही तिघंही रडलो. आईची भाकरी करपली.

आता मी वर्षातून एकदा येते. तुम्ही भेटलात की विचारता, कायमची कधी येणार? हेगमध्ये माझी नोकरी आहे, फ्लॅट आहे, फ्रीजमध्ये आईची चटणी आहे, आणि तरी त्याला घर म्हणायला जीभ वळत नाही. घर म्हणजे ती दोन माणसं, ज्यांनी मला इतकी वर्षं घराबाहेर ठेवलं. मी येणार असले की आई भाजी निवडून ठेवते, अंथरुणं उन्हात टाकते, शेजारणीला सांगते, सुजी येणार हाय. कधी, ते सांगते. पण कोणत्या गाडीनं, ते ती अजून कुणाला सांगत नाही. मीही सांगत नाही.