कडुनिंबाचा पाला

वेल्ह्याच्या खोऱ्यात पटकीची साथ आली त्या साली हैबती स्वयंसेवक झाला. विहिरींत लाल औषध टाकायचं, आजाऱ्याला डोलीतून दवाखान्याच्या छपराखाली पोचवायचं आणि जो गेला त्याला खांदा द्यायचा, हे त्याचं काम. भीतीपोटी घरचेही पुढे होत नसत. हैबतीचा डोळा कधी पाणावला नाही. घट्ट काळजाचा गडी म्हणत प्रत्येक वाडी त्यालाच बोलावू लागली. जो रडत नाही त्याला काही होत नाही, असं लोक खुशाल धरून चालतात. मला याचा अजून राग येतो.

मसणातून परतला की बायको, सोजराबाई, उंबऱ्यावर कडुनिंबाचा पाला ठेवायची. तो चावून, चूळ भरून मगच घरात यायचं, ही रीत. एका संध्याकाळी हैबतीनं पाला चावला आणि तसाच गिळून टाकला. कडू नाही का लागला, असं तिनं विचारलं.

"कायबी लागत न्हाई," तो म्हणाला.

तिनं गूळ दिला, मिरचीचा ठेचा दिला. त्याला सगळं सारखंच.

मग डोलीचं दुसरं टोक धरणारा त्याचा जोडीदार रखमाजीच पटकीनं गेला. हैबतीनं त्याला पोचवलं, घरी आला आणि भाकरीबरोबर काय आहे म्हणून विचारलं. आपला माणूस जिताजागता हातचा चाललाय, हे सोजराबाईला कळलं.

सकाळी पाली वाडीचा मानसिंग मयतासाठी बोलवायला आला. हैबती उठला. सोजराबाई दारात आडवी उभी राहिली.

"आज ते येनार न्हाईत, भावजी. काळीज घट्ट न्हाई त्यांचं, बधिर झालंय. तुमालाबी खांदा हाय की."

मानसिंग खाली मान घालून गेला. त्यानं स्वतः खांदा दिल्याचं दुपारी कळलं.

सोजराबाईनं हैबतीला शेळ्यांमागं धाडलं. तो जायचा, यायचा, बोलायचा नाही. एके दिवशी शेळ्यांना कडुनिंबाची फांदी वाकवून देताना त्यानं सहज एक पान तोंडात टाकलं. तसाच घरी आला.

"लई कडू हाय गं," तो म्हणाला. "रखमाजी पाला चावला की तोंड वाकडं करायचा."

आणि हैबती हुंदके देऊन रडू लागला. सोजराबाईनं चूळ भरायला पाण्याचा तांब्या भरला होता, तो तिनं तसाच बाजूला ठेवला आणि त्याच्याजवळ बसून राहिली.