सुलाकाकीच्या घराण्याचा दम

सुलाकाकी मासे विकण्याआधी गिऱ्हाइकाचं घराणं विचारायची. मालवणच्या बाजारात नवी कुणी टोपलीसमोर वाकली की हिचा पहिला प्रश्न, "खंयची गो तू? कोणाची?" नाव कळलं की त्या मुलीची आजी, आजीचं माहेर, माहेरच्या भावकीतलं भांडण, सगळं सांगून मोकळी व्हायची. बांगडे त्यानंतर. मी शाळेत बदली होऊन आले आणि तिच्या शेजारी भाड्यानं राहू लागले, तेव्हा माझं आजोळही तिनं पाच मिनिटांत काढून घेतलं. "आता तुमी आमचीच माणसा, बाईनू," म्हणत दोन बांगडे जास्त टाकले.

स्वतःच्या घराण्याबद्दल मात्र ती एवढंच बोलायची, "आमच्याकडे केस लवकर पिकतत आणि माणसा लवकर जातत." तिचे केस पंचविशीतच पांढरे झाले होते. वडील पंचेचाळिशीत दम लागून गेले. मग आत्या, मग थोरला भाऊ. वाडीत कुणी देवचाराच्या बाधेचं नाव घेई, कुणी टीबीचं. धाकटा भाऊ बाबल खोकू लागला तेव्हा त्याला दोनदा टीबीच्या गोळ्या दिल्या, पुऱ्या मुदतीच्या. त्याच्या थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. तोही गेला. त्यानंतर कितीतरी महिने बाजारात बायका काकीच्या टोपलीला वळसा घालून जात.

मग तिलाच कोरडा खोकला लागला. मी हट्टानं तिला गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं. तिथला तरुण डॉक्टर तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. सुक्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा आवाज येतोय, म्हणाला. फुप्फुसं व्रण पडून घट्ट होत चालली होती. त्यानं घरातल्या माणसांविषयी विचारलं आणि काकी खुलली. तीन पिढ्या तिनं न अडखळता सांगितल्या. डॉक्टर कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल काढत होता आणि दमानं गेलेल्यांना काळं करत होता. केस लवकर पिकण्याचंही त्यानं लिहून घेतलं. दोन्ही जनुकाच्या एकाच दोषातून येऊ शकतं, म्हणाला.

काकी कागदाकडे बघत होती. "डॉक्टरानू, काळेच जास्त झाले मा?"

शेवटचा गोल तिच्या मुलीचा, शालनचा. तो कोरा होता. "ह्यो असोच रवतलो काय?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "निम्मी शक्यता. तुमचं रक्त तपासून बघू."

चार महिन्यांनी अहवाल आला, इंग्रजीत. मी तो ओट्यावर बसून वाचला. कुठलाही माहीत असलेला दोष सापडला नव्हता. मी आनंदानं सांगितलं. काकीनं शालनला जवळ घेतलं आणि विकायला ठेवलेली सुरमई तव्यावर टाकली. मला राहवेना म्हणून ही खुशखबर द्यायला मी डॉक्टरला फोन लावला.

"बाई, घाई करू नका," तो म्हणाला. "या रोगाचे जे दोष ठाऊक आहेत, ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांत सापडलेले. आपल्या लोकांत फारसं कुणी शोधलेलंच नाही. यांच्यात दोष नाही असं नव्हे, आपल्याला तो ओळखता येत नाही."

काकी जेवत होती तेव्हाच मी तिला हे सांगितलं. तिनं हात धुतले.

"म्हणजे त्येंच्या पुस्तकात आमचा घराणाच नाय," ती म्हणाली. "मी अख्ख्या गावाची घराणी सांगतंय, आणि आमचा कोणाक ठावक नाय."

शालनचं लग्न शिरोड्याला ठरलं होतं. मी म्हटलं, "काकी, नक्की काहीच नाही, मग त्यांना सांगायचं कशाला?"

"माझ्या आवशीक लग्नाआधी कोणी सांगूक नव्हता. तिना घोवाक मसणात पोचयल्यान, दोन झिलांक पोचयल्यान. मी दुसऱ्या बाईक फसवूचंय नाय."

एसटीनं आम्ही दोघी शिरोड्याला गेलो. दर चार शब्दांनी काकीला दम घ्यायला थांबावं लागत होतं. मुलाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, डोळेही पुसले. आठवड्यात निरोप आला, सोयरीक नको.

शालननं आईशी बोलणं टाकलं. काकी अंथरुणाला खिळल्यावर तिला पेज भरवी, ऑक्सिजनची नळी नीट करी, पण तोंडातून शब्द नाही. काकी मला म्हणायची, "बोलतला कधीतरी चेडू. माझ्याकडे येळ नाय, इतक्याच."

शालन बोलली नाही. एका दुपारी ती आईच्या केसांना तेल लावत होती, तेव्हा काकी गेली. शालननं तेव्हा हाका मारल्या. पुष्कळ मारल्या.

डॉक्टरनं शालनला दरवर्षी तपासायला यायला सांगितलं होतं. ती गेली नाही. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "कित्याक जावचा, बाईनू? औषध आसा?" बरं करणारं औषध नव्हतं. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

परवा आम्ही दोघी बाजारातून येत होतो. चढणीवर ती मध्येच थांबली. "काटो लागलो," म्हणाली. पण पाय उचलून बघितला नाही. मीही बघितला नाही. तिचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही तशाच उभ्या राहिलो.