सात नंबरचा डब्बा

मला राग आला की मी कोड लिहिते, आणि रागात लिहिलेला कोड मी कधी परत वाचत नसे. आता वाचते. त्यापायी माझ्या आईच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि जीव जायचा तो थोडक्यात वाचला.

घाटंजीच्या पुढं आमचं वावर आहे, तूर आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मी इंजिनिअरिंग कॉलेजात बिनतारी नेटवर्कवर संशोधन करते. उभ्या तुरीतून सिग्नल किती जातो ते मोजायला मी आमच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, नऊ खांब रोवले. प्रत्येक खांबावर पत्र्याचा डब्बा, आत तळहाताएवढा कॉम्प्युटर, वर अँटेना. कॉलेजात आम्ही त्याला नोड म्हणतो, गावात सगळे डब्बाच म्हणत. मी वावरातल्या गोठ्यात लॅपटॉप घेऊन बसायची आणि स्क्रिप्ट चालवायची. मग ती स्क्रिप्ट एकेका डब्ब्याला सांगे: तू संदेश पाठव, तू ऐक, तू आता थांब.

बाबांनी खांबांना सुखासुखी होकार दिला नव्हता. "मले काय त्याचं? डुकरं हाकलत असंन तर लाव," म्हणाले. म्हणून मी प्रत्येक डब्ब्याला विहिरीवरच्या मोटरीच्या लाइनीवर चालणारा एक भोंगा जोडला. रोज संध्याकाळी सातला, वावरात माणूस उरत नाही तेव्हा, स्क्रिप्ट भोंग्यांची वीज चालू करी आणि पहाटे पाचला बंद. दिवसा फक्त संदेश तपासायचे, भोंग्यांना हात लावायचा नाही, हे घरात ठरलेलं होतं.

पण बाबांना डुकरं हाकलायची नव्हतीच. मागच्या दिवाळीत एका रानडुकरानं त्यांची मांडी पार हाडापर्यंत फाडली होती. तेव्हापासून डुकराचं नुसतं नाव काढलं की ते दातओठ खात. माझ्या भोंग्यांना तर शिव्याच देत. "आयकून पळते, अन् उद्या पुन्हा येते. हे मेलंच पाह्यजे!" सात नंबरच्या धुऱ्यावर त्यांनी एक तार ओढली होती. साधी तार, दिवसा बाया ती हातानं वर उचलून खालून निघत.

त्या दिवशी सकाळी मी वावरात गेले, तर बाबा सातच्या खांबापाशी एका डुकराला कुऱ्हाडीनं तोडत होते. घावावर घाव. बनियन रक्तानं भिजलेली, तुरीच्या शेंगांवर शिंतोडे. डुकराच्या धडपडीत खांब कलला होता, अँटेना वाकली होती. मी ओरडले, "अवं बाबा, मेलं ना ते! आता कायले मारता?" ते वरही न बघता म्हणाले, "तू जाय इथून." खरं सांगते, मला त्या जनावराची कीव आली नाही. बरं झालं, म्हटलं, मांडीचा सूड निघाला. मी गोठ्यात जाऊन बसले.

तेव्हापासून सात नंबर उत्तर देईना. माझ्या स्क्रिप्टची पहिलीच अट होती की नऊच्या नऊ डब्ब्यांनी 'हजर' म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. आठ म्हणत होते, सातवा ढिम्म. कॉलेजातून सरांचे दोन फोन येऊन गेले, आज नऊही चालू दिसलेच पाहिजेत म्हणून. तीनदा स्क्रिप्ट चालवली, तीनदा तिथंच अडली. बारा वाजून गेले, डोक्यावर पत्रा तापला आणि माझं डोकं फिरलं. "मर मेल्या!" म्हणाले आणि वाट पाहायची ती ओळच खोडून टाकली. उत्तर नाही म्हणजे डब्बा बंद, असं मी धरून चालले. वाकलेल्या अँटेनानं त्याचं उत्तर तेवढं बाहेर येत नव्हतं. माझ्याकडचा सिग्नल जोरदार होता, म्हणून माझा हुकूम त्याच्यापर्यंत नीट पोचत होता.

मग भोंग्यांसकट सगळी स्क्रिप्ट चालवली. कोणता डब्बा वाजतो तेवढं कानानं ऐकायचं होतं, म्हणून रात्रभराची वेळ काढून पाच सेकंद टाकले. भर दुपारी.

आठ भोंगे बोंबलले. सातच्या बाजूनं आईची किंकाळी आली.

मी कशी पळाले मला आठवत नाही. आई तुरीत आडवी पडली होती, गवताचा भारा सुटून पसरला होता. डावी मूठ काळी पडली होती आणि जळल्या मांसाचा वास येत होता. छाती हलत होती. मी डब्ब्याचं झाकण ओढून काढलं. आत भोंगा नव्हताच. भोंग्याची वीज सरळ धुऱ्यावरच्या तारेत सोडलेली होती. डुक्कर कुऱ्हाडीनं मेलं नव्हतं. विजेनं भाजल्याचा वळ मला दिसू नये म्हणून बाबा मेलेल्या डुकराचे तुकडे करत होते.

ते धावत आले. आईकडं बघून आधी माझ्यावरच ओरडले, "दुपारी काहून लावलं तूनं? रोज सातलेच लावते ना तू!"

"भोंगा कुठं हाय, बाबा?"

त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. तोंडात रक्त आलं. मी फावडं उचललं आणि दांडा त्यांच्या कपाळावर हाणला. भुवई फुटली. मी दुसरा घाव घालणार होते आणि तेही मूठ वळून पुढं आले होते. खाली आई कण्हली, तेव्हा आम्ही थांबलो. लाज वाटते मला त्या थांबण्याची, कारण तोवर आम्ही तिला विसरलो होतो.

मोटरसायकलवर बाबा पुढं, मधे आई, मागं मी तिला कवटाळून. बाबांच्या भुवईचं रक्त वाऱ्यानं मागं उडून तिच्या पदरावर पडत होतं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, तर आम्ही दोघं एका तोंडानं बोललो, "मोटरीच्या स्टार्टरचा शॉक लागला." बोटं काढावी लागली.

आई घरी आली त्या दिवशी बाबांनी नऊही डब्बे कुऱ्हाडीनं फोडले. मी अडवलं नाही. संध्याकाळी आईनं मला जवळ बोलावलं. बाबा उंबरठ्यावर बसले होते.

"तुह्या मशीनीत सारं लिवलेलं रायते म्हणते ना तू? त्या दुपारचं वाच बरं."

"राहू दे ना, आई."

"वाच म्हन्लं!"

मी वाचलं. "बारा वाजून चौदा मिनिटं. एक ते सहा, हजर. सात, उत्तर नाही. आठ, नऊ, हजर. सगळ्यांची वीज चालू. पाच सेकंद. वीज बंद. प्रयोग पूर्ण, चूक नाही."

"अजून?"

"बस, एवढंच."

तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला.

"तूनं डब्ब्याडब्ब्याची हजेरी घेतली, पोरी. तुह्या बापानं डुकराची वाट पाह्यली. मी वावरात हाव का, हे कोनं इचारलं?"

बाबा उंबरठ्यावरून उठले नाहीत, आणि मला लॅपटॉप मिटता आला नाही.