निळ्या टोपीची बाई

गोराईच्या त्या रिसॉर्टवर मला निळी टोपी दिली, याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

अंधेरीतल्या एका कुरियर कंपनीत मी तक्रार विभागात काम करते. पार्सल हरवलं, फुटलं, भलत्याच्याच घरी गेलं की लोक ज्यांना शिव्या घालतात, ते आम्ही. आमच्या विभागप्रमुख नोकरी सोडून गेल्या आणि त्यांचं काम आपसूक माझ्याकडे आलं. रजा कोणाला द्यायची, पिसाळलेलं गिऱ्हाईक कोणी घ्यायचं, सांताक्रूझच्या गोदामाशी कोणी भांडायचं, सगळं मीच बघत होते. पद तेवढं रिकामं होतं. ते मला मिळणार हे सगळे धरून चालले होते आणि खोटं कशाला बोलू, मीही धरून चालले होते. मला ते हवं होतं.

मग साहेबांनी कुठूनतरी एक प्रशिक्षक आणला. माणसाचा स्वभाव ओळखून त्याला योग्य जागी बसवायचं, म्हणजे तोही सुखी आणि कंपनीही सुखी, असं त्याचं म्हणणं. ऐकायला झकास. एका शनिवारी आम्हाला बोटीने गोराईला नेलं आणि सावलीत खुर्च्या मांडून प्रश्न विचारले. अनोळखी लोकांत तुम्ही आधी बोलता की आधी ऐकता? निर्णय घेण्यापूर्वी इतरांना विचारता का? मी खरी उत्तरं दिली. आधी ऐकते. हो, विचारते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं हेच जिच्या पोटापाण्याचं काम, ती दुसरं काय सांगणार?

जेवणानंतर टोप्या वाटल्या. लाल म्हणजे जन्मजात नेता. निळा म्हणजे शांत, मागे राहून आधार देणारा. लाल टोपी मिळाली विक्री विभागातल्या एका सहकाऱ्याला. राहायला बोरीवलीला, मूळचा मालवणकडचा, दिलखुलास माणूस. जाताना बोटीत गाणी म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं होतं.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या विभागप्रमुखाचं पद त्यांनी लाल टोपीला दिलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तू निळी आहेस ना. तुझ्यावर माणसांचा भार टाकणं हा तुझ्यावरच अन्याय होईल. झेपायचं नाही तुला."

म्हणजे माझ्या भल्यासाठी. इतके महिने तो भार कोणाच्या डोक्यावर होता, हे विचारावंसं त्यांना वाटलं नाही. अशा गोड बोलण्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली.

मुलुंडला घरी येऊन सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. "शांत? तू? त्यांना एकदा आपल्या सोसायटीच्या मीटिंगला बोलाव." वर म्हणाला, "टोपी घातली म्हण की तुला." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता. सोसायटीत पाण्यावरून मी सेक्रेटरीला उभा-आडवा घेते. ऑफिसात ऐकून घेते, कारण तिथे ऐकल्याशिवाय काम होत नाही. माणूस काय एकाच रंगात बुडवून काढलेला असतो?

तिकडे लाल टोपीवाल्याचेही हाल सुरू झाले. हा दुकानादुकानांतून हिंडणारा, चहा पीत पीत गिऱ्हाईक गटवणारा माणूस. त्याला दिवसभर खुर्चीत बसवलं. साहेब त्याला सांगायचे, जरा आवाज चढव, लाल आहेस तू. मग तो ओरडायचा, आणि ओरडून झालं की त्याचाच चेहरा पडायचा. खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या आल्या. एक दिवस पँट्रीत मला म्हणाला, "माझी वाट लागलीय यार. मला हे नकोच होतं. मी फक्त गाणी म्हटली गं बोटीत."

ते ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. दोन चांगल्या माणसांची तुम्ही माती केलीत, हे नक्की बोलले. टेबलावर हात आपटला. आवाज इतका चढला होता की काचेपलीकडे सगळं ऑफिस माना वळवून बघत होतं. नोकरी गेली हे मी गृहीतच धरलं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. चिडले नाहीत. चक्क खूश दिसले.

"अगं, हेच तर हवं होतं मला," ते म्हणाले. "कुठे लपवलं होतंस इतके दिवस?"

पुढच्या आठवड्यात पद माझ्याकडे आलं. सहकारी परत विक्रीत गेला, सुटला. मी ते पद घेतलं. का नाही घेणार, माझंच होतं. पण एवढ्या वर्षांचं ऐकून घेणं यांना दिसलं नाही आणि दोन मिनिटांचं ओरडणं दिसलं, म्हणून आजही पगाराच्या दिवशीसुद्धा मला चीड येते.

महिन्याभराने एक आजोबा थेट ऑफिसात येऊन उभे राहिले. त्यांच्या औषधांचं पार्सल आलंच नव्हतं आणि आमच्याकडे त्यांची तक्रार मिटली असं दाखवत होतं. आमच्यातल्या एका मुलीच्या हातून ती चुकून बंद झाली होती. तिला ते तेव्हाच कळलंही होतं. पूर्वी अशी चूक झाली की मुलं तासाभरात माझ्याकडे यायची आणि आम्ही मिळून निस्तरायचो. औषधं शोधून आजोबांच्या घरी पोचवली, आणि मग मी तिला बाजूला घेतलं. तिच्यावर मी कधीच ओरडले नव्हते, तेव्हाही ओरडले नाही. हळू आवाजात विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनच्या बाहेरच बसले होते, मॅडम."