खोडलेले दोन धडे

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळचे सात. हजर: मी, माझी तेरा वर्षांची भाची, तिचे वडिलांकडचे आजोबा म्हणजे आबा, आणि पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवलेला माझा मोबाइल. आज औषधाच्या दुकानात कुणीतरी बामची डबी उघडली आणि कान्हे गावच्या शाळेमागचं ते मैदान डोळ्यांपुढे आलं. लोणावळ्याला सॉफ्टबॉलच्या संघाची निवड होती आणि भाचीला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, व्हायचं होतं. शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं, म्हणून मी ऑनलाइन धडे शोधले आणि महिन्याचा तक्ता केला. पहिले दोन धडे नुसते खांदे सैल करण्याचे होते. दिवस कमी होते, म्हणून मी ते खोडले. मग रोज शंभर चेंडू, हात खालून गरकन फिरवून. त्या सकाळी तिच्या अंगाला बामचा वास येत होता. "दुखतंय का गं?" मी विचारलं. "न्हाई मावशी. तू टिक कर." आबा म्हणाले, "ती कशाला सांगंल, ताई? तुमच्या कागदाला लय भ्येती ती." मी हसले, टिक केली आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितलं. तो दोन पावलांवरच पडला आणि ती खांदा धरून खाली बसली. निवड तिच्याविना झाली. तीन वर्षं झाली, तिचा उजवा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. वेणी आई घालते. तक्ता माझ्या कपाटाच्या दाराला आतून तसाच चिकटवलेला आहे. त्याच्या तळाशी मी पेन्सिलीने 'तिची माफी मागणे' असं लिहून ठेवलंय. तेवढं राहिलंय.