घरून नको म्हणतात

चौतीस वर्षं आमच्या ओळखीतले सगळे असं समजत होते की मी डोंगर चढणं सोडलं ते बायकोनं अडवलं म्हणून. ते खरं नव्हतं. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही, तिलासुद्धा नाही. गेल्या माघात सांगितलं. ते कसं सांगितलं तेवढं इथे लिहून ठेवतो.

आमच्या कुंभकोणमला डोंगर नाही. स्वामीमलैची टेकडीसुद्धा माणसांनी रचलेली, साठ पायऱ्यांची. कावेरीच्या या सपाट मुलखात गोपुराहून उंच काही दिसत नाही, म्हणूनच कदाचित तरुणपणी आम्हा चौघा मित्रांना डोंगराचं वेड लागलं. मी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला होतो. शेतातल्या पिकांचे, रोग पडलेल्या पानांचे फोटो काढणं हे तिथलं माझं काम, त्यामुळे कॅमेऱ्यावर हात बसलेला. चौघांचा म्होरक्या माझा एक तमिळ मित्र. गावातल्या तळ्याजवळ त्याचं चष्म्याचं दुकान आहे. शनिवारी संध्याकाळच्या बसनं निघायचं, पचमलै नाहीतर कोल्लीमलै गाठायची, पहाटे चढायचं आणि ऊन पांढरं व्हायच्या आत फोटो काढायचे. माझे दोन फोटो मित्रानं मोठे करून दुकानात लावले होते. चष्मा करायला आलेली माणसं नव्या काचांतून आधी ते डोंगर बघत.

शेवटच्या फेरीत, कोल्लीमलैवर, मी बाकीच्यांच्या आधी उठून एकटाच पुढे गेलो. दरीवर झुकलेला एक लांबट खडक आहे. त्यावर जायला हातभर रुंदीची वाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. जाताना मला काही वाटलं नाही, कारण डोळे खालच्या ढगांवर होते. पाच-सहा फोटो काढले. परत फिरलो आणि ती वाट बघितली, आणि पाय उचलेनात. मी खाली बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. मग बसल्या बसल्या, दोन्ही हात टेकून, इंचाइंचानं सरकत परत आलो. पँट मागून फाटली आणि पुढून ओली झाली. मित्रांना सांगितलं, ओढ्यात घसरलो. ते हसले, मीही हसलो.

पुढची फेरी ठरली तेव्हा बायकोला सातवा महिना होता. तिनं एकदा, वांगी चिरता चिरता, म्हटलं की या खेपेला नाही गेलात तर बरं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मित्राला म्हणालो, "घरून नको म्हणतात."

किती सोपं वाक्य होतं ते. त्या दिवसापुरतं खरंही होतं. मुलगी झाली, पुढची फेरी आली, मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. वर्षभरानं मला ते म्हणावंही लागेना; मित्र स्वतःच म्हणू लागला, "घरून परवानगी नसेल ना?"

तो ते तिच्यासमोरही म्हणे. लग्नकार्यात भेटला की, "मन्नी, आमचा फोटोग्राफर कुलपातून कधी सोडणार?" आमच्याकडे तमिळ माणसं वहिनीला मन्नी म्हणतात. ती हसायची. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणायची, "सांगा की त्यांना, मी एकदाच म्हटलेलं." आमचं असंच असतं. बाहेर तमिळ, आणि चारचौघांत आपसांतलं काही बोलायचं तर पिढ्यानपिढ्या घरात चालत आलेली तंजावरची मराठी, भोवतालच्यांना न कळणारी. (पुण्याची आमची सून, मुलीनंतर झालेल्या मुलाची बायको, म्हणते, ही मराठी पोथीतून उठून आल्यासारखी वाटते. बायकोचं बोलणं मी इथे थोडं आजच्या भाषेत बसवलं आहे.) मीही हसत, मराठीतच, तिला म्हणायचो, "जाऊ दे." आणि मित्राला वाटायचं, नवरा-बायकोचं काहीतरी लाडीगोडीचं चाललं आहे.

मुलीच्या बारशाला माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, दहा बायकांच्या देखत तिला म्हणाली, "एवढा एक छंद होता त्याचा, तोही तुला बघवला नाही." मी तिथेच होतो. पाहुण्यांना पानसुपारी देत होतो.

त्यानंतर बायकोनं एक गोष्ट सुरू केली. आमच्याकडे पाऊस आश्विन-कार्तिकात येतो आणि घरात सगळ्याला बुरशी धरते; भिंगाला तर हमखास. दर वर्षी ती माझा कॅमेरा बाहेर काढी, पुसून ठेवी, कोरडे भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून त्यासोबत पत्र्याच्या डब्यात घाली आणि झाकण लावी. म्हणे, "परत जाल तेव्हा नीट असू दे." मी समोर पेपर वाचत बसलेला असे. चौतीस पावसाळे तिनं हे केलं. आपल्या एका शब्दानं नवऱ्याचं काहीतरी कायमचं गेलं असं तिला खरंच वाटत होतं, आणि मी ते वाटू दिलं.

मग माझी सत्तरीची शांत झाली. घर भरलं होतं. जेवणं आटोपल्यावर बायको उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोलत नाही. आधी मराठीत, मग मित्रासाठी तमिळमध्ये ती म्हणाली, "माझ्या शब्दानं यांचे डोंगर गेले. आता माझ्याच शब्दानं हे पुन्हा डोंगरावर जाऊ देत." मुलीनं नवा डिजिटल कॅमेरा माझ्या हातात ठेवला. मित्रानं जाहीर केलं की कोल्लीमलैची गाडी ठरली आहे, माझे शेवटचे फोटो जिथले, त्याच खडकावर जायचं आहे, आणि मन्नीही येणार आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं मान डोलावली, उशिरा का होईना सुचलं म्हणून.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून हसलो.

फेरीला पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत मला नीट झोप लागली नाही. गुडघा दुखतो का बघत होतो, दुखेना. रक्तदाब वाढेल म्हणून वाट पाहिली, तोही वाढला नाही. सकाळी पट्टीश्वरमच्या वाटेवर जाऊन भाताच्या खाचरांचे फोटो काढायचो, नवा कॅमेरा समजावा म्हणून. सपाट मुलखात क्षितिज खाली ठेवावं लागतं, नाहीतर फोटोत नुसती माती येते. एवढं हाताला आठवत होतं. संध्याकाळी बायको मला स्वामीमलैच्या पायऱ्या चढायला लावी, सरावासाठी. ती मागून मोजत येई. साठ पायऱ्या, दोन्ही बाजूंना भिंत, खाली फुलवाल्या बायका. आणि माझे तळहात घामानं ओले. तिला वाटे, दम लागला. मी थांबलो की तीही न बोलता एक पायरी खाली थांबे. दर वेळी वर पोचल्यावर आज सांगू असं ठरवायचो, आणि खाली येईपर्यंत ती भाजी काय करायची ते विचारायची.

जायच्या दिवशी घाटातल्या वळणांवर मी डोळे मिटून बसलो होतो. मित्र पुढच्या सीटवरून मागे वळून चिडवत होता, की म्हातारा देवाचं नाव घेतोय. वर दोन रात्रींचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हळूहळू चालत खडकापर्यंत गेलो. वाटेवर आता कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी दांडा बसवला आहे, एवढाच फरक. मित्र बहात्तर वर्षांचा, पण तो दांडा धरून सरळ पलीकडे गेला आणि तिथून हाक मारू लागला, ढग आत्ता खाली आहेत, अजून अर्ध्या तासानं काही मिळणार नाही.

बायको एका फणसाच्या झाडाखाली बसली आणि म्हणाली, "जा की. मी इथेच आहे."

मी वाटेच्या तोंडाशी गेलो. पुढचं पाऊल टाकलं नाही. परत येऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि खालच्या आवाजात, मराठीत, बोलायला लागलो. म्हणालो, मला हे जमत नाही. तेव्हाही जमलं नव्हतं. खडकाचं, सरकत आल्याचं, ओल्या पँटचं, सगळं नीट क्रमानं नाही सांगितलं, पण सांगितलं. तू नको म्हणालीस म्हणून मी थांबलो नव्हतो. मी घाबरलो होतो, आणि तुझं नाव पुढे केलं.

मित्र तेवढ्यात परत आला होता. तो आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता, काय चाललंय ते न कळून. बायको माझ्याकडे बघत राहिली. मग मोठ्यानं, तमिळमध्ये, म्हणाली, "तमिळमध्ये सांगा. त्यांनाही कळू दे."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तमिळमध्ये ते जास्त लाजिरवाणं वाटलं, कारण पडदा उरला नाही. मित्रानं आधी थट्टा समजून हसायला सुरुवात केली, मग थांबला. चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत बसला. मान वर न करता म्हणाला, "मन्नी, मी तुम्हाला काय काय बोललो असेन."

ती माझ्याकडे वळली. तिनं मला एकच विचारलं, "बारशाला अक्का बोलल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच."

"ऐकलंत?"

"ऐकलं."

ती उठली. पदर कमरेला खोचला. "बघू तरी," ती म्हणाली, "मी कशापासून अडवलं म्हणून सगळे म्हणतात ते." आणि दांडा धरून त्या वाटेवर निघाली. चौसष्ट वर्षांची, पायात साध्या चपला. मित्र घाईघाईनं तिच्या मागे गेला.

मी झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होतो. गळ्यात कॅमेरा होता, तो उचलण्याचं सुचलंही नाही. तिचं लुगडं वाऱ्यानं फडफडत होतं आणि प्रत्येक फडफडीला मी झाड आणखी घट्ट धरत होतो. हाक मारावी तर ती दचकेल, न मारावी तर... ती खडकाच्या मध्यापर्यंत गेली, टोकाला नाही. उभी राहिली. खाली ढग होते, फार सुंदर असणार, मी बघितले नाहीत. किती वेळ लावला तिनं. परत आली तेव्हा तिला दम लागला होता आणि चेहरा मला वाचता आला नाही.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "आता घरी गेल्यावर ज्यांना ज्यांना मी अडवलं असं वाटतं त्यांना सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही."

त्याच संध्याकाळी, मुक्कामाच्या जागेवरूनच मी मुलीला फोन केला. बायको शेजारी बसून होती, मी काही गाळत नाही ना ते बघत. मुलगी म्हणाली, तिला लहानपणापासून वाटायचं की तिच्या जन्मामुळे बाबांचं काहीतरी बंद पडलं. ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातही आली नव्हती. ती म्हणाली, "आईला फोन द्या." त्या दोघी बोलत असताना मी बाहेर गेलो.

आमच्यातल्या तिसऱ्या मित्राला सांगितलं. चौघांतला चौथा आता नाही, त्याच्या बायकोला जाऊन सांगितलं. मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं. ती म्हणाली, पण भीती वाटणं यात काय वाईट? मी म्हणालो, भीतीबद्दल मी बोलतच नाहीये.

मधल्या काळात चष्मेवाल्या मित्राबरोबर आम्ही दोघं एकदा पचमलैला जाऊन आलो. तिथे रुंद, हिरवे उतार आहेत, कडा नाही. तरीही दर दहा पावलांवर मी आधी जमीन बघत होतो आणि मग देखावा. दोनशे फोटो काढले. दोन ठीक आले असतील. बायको पुढे चालत होती आणि माझ्याशी कामापुरतं बोलत होती. अजूनही तसंच बोलते.

अक्काला मात्र मी टाळत होतो. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तंजावरला मुलाकडे असते. एका सकाळी बायको साडी नेसून तयार होऊन उभी राहिली आणि म्हणाली, तंजावरची बस कितीला आहे. तेव्हा गेलो.

अक्का ओसरीवर बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसून सांगितलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारच्या घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी हिला बारशात बोलले, ते?"

मी म्हणालो, ते चूक होतं, आणि ते चूक आहे हे मला त्या वेळी ठाऊक होतं.

अक्का बायकोकडे वळली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते तिचं तिलाच कळत नसावं. "तू तरी तेव्हा उलटून बोलायचं होतंस," ती म्हणाली.

"काय बोलणार, अक्का?" बायको म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही खरंच बोलताय."

अक्का भिंतीला धरून उठली आणि आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. बायको तिच्या मागे गेली नाही. मला सारखं वाटत होतं की उठावं, आत जाऊन अक्काला काहीतरी सांगावं, बाहेर येऊन हिला काहीतरी सांगावं, दोघींना हसवावं, आणि हे सावरून घ्यावं. तोंडापर्यंत शब्द आले होते. मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिलो.