दोन वनमाला आणि एक अर्ज

घाटकोपरच्या बाजारातले दुकानदार सुलक्षणा राऊळला 'भाववाल्या बाई' म्हणत. एका सरकारी कार्यालयासाठी ती दर आठवड्याला ठरलेल्या दुकानांत जाऊन तांदूळ, तूरडाळ, नारळ, बांगडे, साबण यांचे भाव विचारून लिहून घ्यायची. घ्यायचं काहीच नाही, नुसतं विचारायचं.

"बाई, एकदा तरी पाव किलो डाळ न्या हो," वाणी म्हणायचा. "बोहनी तरी होईल."

सासूबाईंना तर ही नोकरी म्हणजे गंमतच वाटे. त्या मालवणकडच्या. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही बोली तशीच राहिलेली. "सरकार बांगड्याचो भाव इचारूक पगार देता? मिया चाळीस वर्सां फुकट इचारतंय!"

सुलक्षणाला मात्र त्या कामाची गोडी लागली होती. तिने आणलेले भाव कुठेतरी वर जात, तिथे त्यांचा महागाईचा आकडा होई आणि त्या आकड्यावर कामगारांचा महागाई भत्ता ठरे. तिचा नवरा दशरथ विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होता. त्याच्या पगारातही तो भत्ता येई. घाटकोपरच्या बाजारातल्या एका बांगड्याचा दशरथच्या पगारापर्यंत प्रवास होतो तरी कसा, असं तिने एकदा साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "ते वरचे लोक बघतात."

ते तिला बघायचं होतं.

शहाऐंशी सालच्या जून महिन्यात वर्तमानपत्रात जाहिरात आली. उपयोजित अर्थशास्त्रात एम.ए., दोन वर्षांचा संध्याकाळचा वर्ग, नोकरी करणाऱ्यांसाठी. सुलक्षणाने लग्नाआधी अर्थशास्त्र घेऊनच बी.ए. केलं होतं. वर्ग एक वर्षाआड सुरू होई. ही खेप चुकली की दोन वर्षं थांबायचं आणि तिची नोकरी हंगामी, पुढच्या मार्चपर्यंतची. एम.ए.ला नाव लागलं असेल तर कायमच्या जागेसाठी शिफारस करता येईल, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे आता नाहीतर नाही.

"भर अर्ज," दशरथ म्हणाला. "संध्याकाळचा भात मी टाकीन."

"आणि जाळशील," आतून सासूबाई म्हणाल्या.

अर्ज भरून ती विभागाच्या कार्यालयात गेली. खिडकीमागे अंबादास नावाचे कारकून होते. वयाने मोठे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, रेशनकार्ड पाहिलं, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा दोन्ही पाहिलं.

"गुणपत्रिका वनमाला गुणाजी धुरी यांची. तुम्ही कोण?"

"तीच. लग्नानंतर सुलक्षणा दशरथ राऊळ."

"पण कार्डावर वनमाला आहेत की! वनमाला राऊळ, वय अठ्ठावन्न." त्यांनी कार्ड तिच्याकडे वळवलं. "ह्या करणार आहेत का एम.ए.?"

मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं. सुलक्षणाचे कान तापले.

घोटाळा असा होता. तिचं माहेरचं नाव वनमाला आणि सासूबाईंचंही वनमाला. एका घरात सासूसुनेचं एकच नाव कसं चालायचं? सुनेवर ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? म्हणून लग्नात ताटभर तांदळात दशरथने अंगठीने 'सुलक्षणा' असं लिहिलं. पुढे माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन तो रेशन कार्यालयात गेला, तेव्हा दाखल्यावरची वनमाला त्याने तिथल्या तिथे बदलून सुलक्षणा लिहवून घेतली. नाव बदललं म्हणून सरकारी राजपत्रात छापून आणायचं असतं, हे दोन्ही घरांत कुणाच्या गावीही नव्हतं. लग्न कणकवलीकडच्या देवळात लागलेलं, त्याचीही नोंद नाही. गिरणीतून निवृत्त झालेले तिचे वडील खोली विकून गावी गेलेले, म्हणजे साक्ष द्यायला मुंबईत माहेरचंही कुणी नाही.

"राजपत्रात आता छापून येईल का हो?"

"येईल. दिवाळीपर्यंत," अंबादास म्हणाले. तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. "असं करा. ह्या कार्डावरच्या वनमालाबाई आहेत ना, त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. ही मुलगी वेगळी, मी वेगळी, ही माझी सून, लग्नाआधी हिचंही नाव वनमाला होतं. एवढं त्यांनी नोटरीपुढे सांगितलं की मी अर्ज घेतो. पण शनिवारपर्यंत."

"मग वर्गात माझं नाव काय लागणार?"

"पदवीवरचं. वनमाला धुरी."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. दशरथने कपाळाला हात लावला. "च्यायला, वाट लागली. माझ्याच अंगठीने!"

सासूबाई मात्र चुलीवर काही नसतानाही उठून चुलीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मिया नाय येवचंय."

"अगं आई, एक सही तर करायची," दशरथ म्हणाला.

"सहीचो प्रश्न नाय. माझां नाव हिका कित्याक?"

दशरथ हसला, पण सुलक्षणा हसली नाही. सासूबाई वळल्या. बोलायला लागल्या त्या तिच्याशीच.

"माझ्या लग्नात ह्येंच्या आवशीन, माझ्या सासवेन, नाव बदलूक सांगलेलां. ह्ये म्हणाले, ऱ्हांवदे, बरां हा. म्हणान माझां तां ऱ्हवलां. माहेरसून आणलेलां दुसरां काय ऱ्हवलां नाय, भांडीसुद्धा नाय. तां नाव तू आता कॉलेजात घेवन जातलंस?"

शेजारची शेवंती दारातून ऐकत होती. तिला राहवलं नाही. "काकी, नाव काय वाटीभर साखर आहे, दिली की कमी होईल?"

"तू तुझ्या घरा जा गो."

शेवंती गेली. सुलक्षणाला राग आला होता, आणि तो फक्त सासूबाईंचा नव्हता. आपल्यालाही एक नाव होतं, ते घेतलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हे ती इतक्या वर्षांत बोलली नव्हती. आजही तिने ते तसं बोलायचं टाळलं. ती पाणी प्यायली आणि तिने सरळ सांगितलं,

"आई, मी वनमाला होते ती वीस वर्षं. ती तुमच्याकडून घेतली नव्हती, माझ्या आजीने ठेवली होती. ह्या घरात आले तेव्हा तुमच्यासाठी सोडली, कुरकुर केली नाही. घरात मी सुलक्षणाच राहीन. पण परीक्षा दिल्या त्या वनमालाने. तिला एवढा एक अर्ज भरू द्या."

जेवताना सासूबाईंनी तिच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला. त्याचा अर्थ होकार की समजूत, हे तिला कळेना.

शुक्रवारी सकाळी ती कामाला निघाली, तर सासूबाई नऊवारी नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या.

"खंय तां कोर्ट? कुर्ल्याक मां? चल. माझां नाव दुसऱ्यान कोणी सांगलेलां माका चलाचां नाय."

कुर्ल्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टंकलेखकाने मजकूर टाईप केला. नोटरीने विचारलं, "आजी, नाव?"

"वनमाला राजाराम राऊळ," त्या खणखणीत म्हणाल्या.

"आणि ही?"

"ही पण." मग सुनेकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आदी होती. माझी सून."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. अक्षरं मोठी आणि सुटी होती, एकही चुकलं नव्हतं.

शनिवारी अंबादासांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, शिक्का मारला आणि अर्ज घेतला. पुढे मुलाखत झाली. प्राध्यापकांनी तिला विचारलं, एखाद्या आठवड्यात दुकानात बांगडाच नसला तर काय लिहिता? "साहेब मागच्या आठवड्याचा भाव लिहायला सांगतात," ती म्हणाली. "ते बरोबर की चूक, हे मला माहीत नाही. तेच शिकायला आलेय." यादी लागली तेव्हा धुरी वनमाला गुणाजी हे नाव खालून तिसरं होतं. दशरथने चाळीत पेढे वाटले.

वर्गाच्या पहिल्या संध्याकाळी हजेरी झाली. सुलक्षणा दुसऱ्या बाकावर नवी वही उघडून बसली होती. नावं येत होती, जात होती. हजेरीपट मिटला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपलं नाव घेतलं गेलं आणि आपण ऐकलंच नाही. तास संपल्यावर ती प्राध्यापकांच्या मागोमाग धावली आणि हजेरी लावून घेतली.

घरी सासूबाईंनी विचारलंच, "काय गो, नाव घेतल्यानी?"

"घेतलं. मला कळलंच नाही, आई. गैरहजेरी लागली होती."

सासूबाई पोट धरून हसल्या. हसता हसता डोळे पुसले, भात जळला की नाही म्हणून पातेल्यात डोकावल्या आणि मग तिच्याकडे वळून दटावून म्हणाल्या,

"उद्या नीट कान देवन बस. माझां नाव हा तां. फुकट घालव नको."